नदीकाठचे घर विकणे आहे

घराचे गुण विकणाऱ्याने सांगावेत आणि दोष गिऱ्हाइकाने शोधावेत, अशी एक वाटणी व्यवहारात रूढ आहे. ती न्याय्य आहे काय, हा प्रश्न मला पडला तो मामेभावाच्या मोहन्याच्या घरामुळे. उल्हास नदीच्या अंगाचे हे जुने कौलारू घर त्याने विकायला काढले आहे. सागवानी खांब, अंधारे माजघर, आणि घराच्या पोटात चौकोनी अंगण. दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबा शहरातही घरांच्या पोटात अशीच अंगणे असतात. तिथल्या अंगणांच्या उत्सवाला युनेस्कोने २०१२ साली आपल्या वारशाच्या यादीत बसवले. आमच्या अंगणाकडे दलाल पाहतो तो चौरस फुटांत.

भावाने जाहिरात लिहिली : 'नदीकाठचे, हवेशीर, ऐसपैस घर.' यात खोटे काहीच नाही. २६ जुलै २००५ रोजी हीच नदी माजघरातल्या कोनाड्यापर्यंत चढली होती, एवढे मात्र त्यात नाही. मुलीच्या आजारपणाने त्याला कर्ज झाले आहे, आणि पुराचे नाव काढले की भाव उतरतो. "विचारलं तर सांगेन," असे तो म्हणतो. या उत्तराला हसू नये. गरजवंताने याहून फार मोठा खोटेपणा केलेला आपण पाहतो.

सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात असेच एक विकाऊ घर आहे. लाकूड निकृष्ट, खोल्याखोल्यांतून साप, आणि ठाऊक फक्त मालकाला. डायोजिनीस (पिंपातला नव्हे, बॅबिलोनचा) म्हणतो, न सांगणे म्हणजे फसवणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखेच ते आहे. सिसेरो अँटिपेटरकडे झुकतो. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मधली वाट धरतो : जो महत्त्वाचा दोष मालकाला ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकाला साध्या दक्षतेने कळणार नाही, तो करारात वेगळे ठरले नसेल तर मालकाने सांगितला पाहिजे. भाऊ यावर म्हणतो, "पूर साऱ्या गावाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकानं कोणालाही विचारावं." कायद्यापुढे हे कदाचित टिकेलही.

मला अडचण वाटते ती 'नदीकाठचे' या शब्दाची. डायोजिनीसचे सारे बळ मौनावर आहे. पण भाऊ तर बोलून चुकला आहे. ज्या नदीचा वारा त्याने विकायला मांडला, तिचेच पाणी माजघरात आले होते. नदीचा पैसा घ्यायचा आणि नदीचा स्वभाव झाकायचा, याला मौन कसे म्हणावे? नदीचा उल्लेखच नसता, तर माझा आक्षेप पुष्कळ सौम्य झाला असता. पण नदी वगळली तर या घरात वेगळेपण ते काय उरते? खांब आणि कौले कुठेही मिळतील.

आणखी एक गुंता आहे. भिंतीवर पुराची रेघ होती. ती कोणी मुद्दाम पुसली नाही. दर दिवाळीला चुन्याचा हात बसत गेला आणि ती बुजली. साध्या दक्षतेने दिसणारी खूण घरच्या रीतीनेच नाहीशी केली. आता ती दाखवणे मालकाकडे येते की नाही? माझ्या मते येते. भावाच्या मते मी पगारदार माणूस आहे, कर्जाची झळ मला नाही. आणि हे त्याचे म्हणणे खोडून काढणे मला अजून जमलेले नाही.

मामींनी या वादात कधी भाग घेतला नाही. गिऱ्हाईक आले की त्या चहा देतात आणि कोनाड्याला हात लावून सांगतात, "पाणी इथवर आलं होतं हो." दोन गिऱ्हाइके त्यामुळे परत गेली. तिसऱ्याने पुढच्या रविवारी येतो म्हणून निरोप धाडला आहे.