निकालाचा अंदाज

हिंगोलीच्या बाजारात हळदीच्या भावाचे अंदाज चालतात, आणि त्या अंदाजांनी भावही थोडाफार हलतो. सी. ए.च्या निकालाचे तसे नाही. पेपर लिहून झालेले असतात. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के मिळाले की उत्तीर्ण. जागा काही मोजक्या नसतात. शेजाऱ्याचा मुलगा नापास झाल्याने आपल्या मुलाची वर्णी लागत नाही. तरीही ‘यंदा किती टक्के निकाल लागेल?’ ही चर्चा घरोघर रंगते. आणि गंमत अशी, की तो आकडा कमीच असावा असे मनातून वाटते! उत्तीर्ण झाला तर पराक्रम मोठा ठरतो. नापास झाला तर लाज चारचौघांत वाटून घेता येते. दोन्हीकडून आपल्याला हवे असते ते दुसऱ्याच्या मुलाचे अपयश. दुष्टाव्याने नव्हे, भीतीने. पण चिंततो वाईटच. आणि त्याच मुलाला फराळाला मात्र आग्रहाने बोलावतो!