सोसणे आणि त्याची मुदत

आपल्या गोमंतकातील जुन्या देवळांच्या गर्भकुडीस बहुधा खिडकी नसते. समईचा मंद उजेड, धूपाने जड झालेली हवा आणि बाहेरच्या वाऱ्याला मज्जाव. देवाने अशा कोंदट जागी का राहावे, असे मी लहानपणी सुर्ल्यात आजीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "पोटातले मूल तरी कुठे वाऱ्यावर असते?" आजीला शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु तिचे उत्तर पुढे मला वारंवार आठवत राहिले.

गर्भधारणेच्या आरंभी मातेचे रक्त वारेत मोकळेपणी शिरत नाही. गर्भाच्याच पेशी मातेच्या रक्तवाहिन्यांची तोंडे बुचासारखी बंद करून बसतात. आठव्या ते दहाव्या आठवड्यांत तेथील प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे २० मिलिमीटरांहूनही कमी असतो. बाराव्या-तेराव्या आठवड्यास तो ६० च्या घरात जातो. पहिल्या काळातील ही उणीव दोष नव्हे. कोवळ्या जीवास प्राणवायूची विपुलता सोसत नाही.

येथे एक कोडे उभे राहते. परक्याची कातडी आपल्या अंगावर लावली, तर शरीरातील रक्षक पेशी थोड्याच दिवसांत ती झिडकारतात. गर्भाचे अर्धे बीज पित्याचे, म्हणजे मातेच्या देहाला परकेच. मग तो नऊ महिने कसा राहतो? १९५३ साली पीटर मेदावर या शास्त्रज्ञाने हा प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला. मातेचे रक्षक झोपी जात असावेत, अशी एक समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात रक्षकांची दाटी असते, आणि त्यांतील सुमारे ७० टक्के ज्या पेशी, त्यांचे नावच मुळी 'नैसर्गिक मारक पेशी'! परंतु या मारक पेशी तेथे मारीत नाहीत. त्या मातेच्या रक्तवाहिन्या रुंद करण्याच्या कामी हातभार लावतात, म्हणजे पाहुण्यासाठी वाट बांधतात. रक्तातील साध्या मारक पेशी अल्प प्राणवायूत, काही विशिष्ट द्रव्यांच्या सान्निध्यात वाढविल्या, तर त्या गर्भाशयातील पेशींसारखे वळण घेतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. पहारेकऱ्याचा गवंडी होण्यात त्या कोंदटपणाचाही वाटा असावा. परक्यास सामावून घेणे म्हणजे पहारा उठविणे नव्हे, हे मला येथे फार मोलाचे वाटते.

एवढ्यावर थांबलो असतो, तर उणिवेचे स्तोत्र गाऊन मोकळा झालो असतो. आपल्याकडे तशी स्तोत्रे पुष्कळ आहेत. परंतु काही गरोदरपणांत त्या रक्तवाहिन्या पुरत्या रुंद होतच नाहीत. गर्भ वाढतो, त्याची भूक वाढते, आणि वार मात्र प्राणवायूस आचवलेलीच राहते. मग ती त्रासलेली वार मातेच्या रक्तात अपायकारक द्रव्ये सोडू लागते. रक्षकांना आवरून धरणाऱ्या नियामक पेशी उण्या पडतात, इतर रक्षक चवताळतात आणि मातेच्याच रक्तवाहिन्यांना दाह होतो. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक जाणे, लघवीतून प्रथिने जाणे, डोके दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, ही त्याची चिन्हे. डॉक्टर या विकारास प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. पुण्यात भारती विद्यापीठाच्या आरोग्य संशोधन संस्थेत अशा मातांच्या वारेचा अभ्यास कित्येक वर्षे चालू आहे.

तीच उणीव, पहिल्या प्रहरी रक्षकांना बांधकामास लावणारी, तिसऱ्या प्रहरी त्यांना घरावरच उलटविणारी. मग सोसणे हा सद्गुण म्हणावा की नाही? त्याची मुदत न विचारता त्यास सद्गुण म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही, आणि त्याचे कारण घरचेच आहे.

माझ्या थोरल्या वहिनी सातव्या महिन्यात असताना चार दिवस डोके दुखते म्हणत होत्या. तोंडावर सूज होती. घरात चार बुके वाचलेला मीच. म्हणून माझे मत विचारले गेले. "सोसल्यावाचून का कोणी आई होते?" असे मी म्हणालो, आणि माझे ते वाक्य घरातील सर्वांना पटले. पाचव्या रात्री त्यांना झटके आले. इस्पितळात वहिनी वाचल्या. मूल वाचले नाही. रक्तदाब मोजावयास पाच मिनिटेही लागत नाहीत, हे मला नंतर कळले. वहिनींनी मला त्याबद्दल कधी एक शब्दही विचारला नाही. हेही त्यांचे सोसणेच, आणि याची मुदत काय, हे मी त्यांस विचारू शकलेलो नाही.

मागील जत्रेच्या दिवशी आमची एक पुतणी माहेरपणास आली होती. पालखी निघण्याच्या गडबडीत ती सभामंडपाच्या पायरीवर बसली आणि डोके जड झाल्याचे सांगू लागली. कोणीतरी लिंबाचे सरबत आणावयास धावले. वहिनींनी हातातील ओटीचे ताट माझ्याकडे दिले आणि म्हणाल्या, "भावोजी, हे धरा. आधी हिला डॉक्टरकडे नेते." पालखी अजून देवळाला वळसा घालीत होती, तोवर त्यांची गाडी डिचोलीच्या रस्त्याला लागलीही.