आपला संघ म्हणजे कोण?

केळशीत राहून मुंबई सिटीच्या फुटबॉलची काळजी वाहणाऱ्याला एक प्रश्न पडतो: 'आपला संघ' म्हणजे नेमके कोण? २०२० साली सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले. गोव्यात त्यांच्या हाताखाली खेळलेले जाहू, फॉल, मंदार राव देसाईही मागोमाग आले. २०२१ मध्ये साखळीतील अव्वल स्थान आणि विजेतेपद, दोन्ही मिळाली. मग जिंकले कोण, मुंबई की मुंबईत येऊन राहिलेला गोवा? आमच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकडीचे कण वारा बदलीत असतो. तरी टेकडी केळशीचीच. त्याच वर्षी लोबेराही गेले. प्रशिक्षकाने यश द्यावे आणि जावे. मागे उरून पुढच्या पराभवालाही 'आपला' म्हणेल, त्यालाच त्या यशावर हक्क सांगता येईल.