मौनाची नोंद

एका संध्याकाळी घरातल्याच दोन यंत्रांवरून आईशी बोललो आणि तिच्या संमतीने त्या संभाषणाची पॅकेटं वायरशार्क या, जाळ्यावरची रहदारी टिपणाऱ्या साधनात पकडून ठेवली; परक्याचं बोलणं असं पकडणं म्हणजे दाराला कान लावणं, म्हणून घरचंच. ती झोपायला गेली. मी पडद्यावरच्या ओळींपुढे बसून राहिलो. प्रत्येक ओळीत २० मिलिसेकंदांचा आवाज, १६० बाइटांत मावणारा; एक अक्षर पुरतं उच्चारलं जाण्याआधीच त्याचे कित्येक खंड होऊन ते आपापल्या वाटेने निघालेले. हे प्रवासी एकमेकांसाठी थांबत नाहीत, मागचा आधी पोचतो, एखादा पोचतच नाही. तरी प्रत्येकाच्या माथी क्रमांक आणि कालमुद्रा असते, आणि त्या आधाराने विखुरलेला कंठ पुन्हा ओवता येतो. वेदांच्या घनपाठात पदं पुढून-मागून गुंफून घोकणाऱ्यांनाही हीच चिंता असावी, की उच्चार वाऱ्यावर विरणारच, निदान त्याचा क्रम तरी हातून निसटू नये.

वायरशार्कचं २००६ पर्यंतचं नाव ईथरिअल, म्हणजे आकाशतत्त्वाचं. शब्दाला आकाशाचा गुण मानणाऱ्या वैशेषिकांना ते रुचलं असतं. शार्क मला अजून रुचलेला नाही.

१८६० साली पॅरिसच्या स्कॉट द मार्टिनव्हिलने काजळी धरलेल्या कागदावर एका गाण्याची कंपनं रेखाटली. त्याला आवाज पाहायचा होता. तो पुन्हा ऐकू यावा, ही त्याची आकांक्षाच नव्हती. २००८ साली त्या रेषांतून सूर काढला गेला, तेव्हा तो एखाद्या मुलीचा वाटला. पुढे कळलं की वेग दुप्पट धरला गेला होता, आणि तो निम्मा करताच कंठ पुरुषाचा, बहुधा स्कॉटचाच, निघाला. रेषा त्याच होत्या, चुकलं होतं ते काळाचं माप. आईच्या आवाजालाही सेकंदाला ८,००० नमुन्यांचं तिचं माप मिळालं, तेव्हाच ती तिच्या वयाची झाली.

पण मी रेंगाळलो ते आवाजापाशी नव्हे. बोलणारा गप्प झाला की काही यंत्रं पॅकेटच पाठवत नाहीत, आणि ऐकताना ती शांतता व वाटेत हरवलेल्या शब्दांची पोकळी कानाला एकसारखीच रिकामी लागते. भेद उरतो तो आकड्यांत: क्रमांक तुटला असेल तर काही हरवलं, क्रमांक सलग असून कालमुद्रेनेच झेप घेतली असेल, तर माणूस गप्प होता. जुन्या पत्रांतल्या, जुन्या मैत्रींतल्या पोकळ्यांवर असे आकडे नसतात, आणि आपण कित्येकदा एखाद्याच्या मौनाला हानी समजून वर्षानुवर्षं हळहळतो, किंवा हरवलेल्या शब्दालाच मौन समजून रुसून बसतो.

मी आईला विचारलं होतं, गावचं घर विकायचं का. त्यापुढचा क्रमांक सलग होता. कालमुद्रा ३२,०००ने पुढे सरकलेली, म्हणजे पूर्ण ४ सेकंद. मग तिचा आवाज: ‘बघू.’