पाहण्याचे अंतर

जानेवारीतला रविवार. पहाटे बेळगाव सोडून, चोर्ला घाट उतरून मी आणि माझा १२ वर्षांचा नातू पणजीला पोहोचलो. आम्हा घाटावरच्या माणसांना समुद्राचे अप्रूप असतेच. या खेपेला नातवाला पक्षीही दाखवायचे होते. कांपालच्या जुन्या झाडांत तांबट 'टुक टुक' करीत होता, मांडवीवर ब्राह्मणी घार घिरट्या घालीत होती. चालत चालत मिरामारला आलो, तर वाळूवर शेकडो कुरव वाऱ्याकडे तोंड करून बसलेले.

"आजोबा, उडवू का? फोटो छान येईल," म्हणत नातू धावलाही. पांढरा थवा एकदम उठला. खोटे कशाला सांगू, मलाही ते दृश्य आवडले. थवा पाण्यावर फेरी मारून पलीकडे उतरला. तोच तिकडून एक कुत्रा धावला. मग कॅमेरा घेऊन आणखी एक कुटुंब. अर्ध्या तासात तो थवा चार वेळा उठला.

तेव्हा मनात आले, नुसते पाहणे निर्दोष असते का?

नातू म्हणाला, "मी दगड थोडाच मारला? उडाले, परत बसले." खरे आहे. पण तपकिरी डोक्याचे हे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच पठारांवर वीण करतात आणि हिवाळ्यापुरते आपल्या किनाऱ्यावर येतात. परतीच्या वाटेसाठी त्यांना अंगात चरबी साठवावी लागते. विश्रांती हीसुद्धा त्यांची शिदोरीच. दर उड्डाणाला तिच्यातला एक घास खर्ची पडतो. किनाऱ्यावरचा प्रत्येक जण 'एकदाच' म्हणतो. पक्ष्याला मात्र सगळ्यांचे 'एकदाच' सोसावे लागते. आपला हेतू चांगला होता, हे त्याला कुठून कळणार?

मग घरीच बसावे काय? तेही पटत नाही. ज्याने कधी पाहिलेच नाही, तो जपणार कसा? मांडवीतल्या चोडण बेटावरचे खारफुटीतले अभयारण्य ज्यांच्या नावाने आहे, ते डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) लहानपणी स्वतः छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपायीच पक्ष्यांकडे वळले. चूक झाल्यावर माणूस कुठे वळतो, त्याला महत्त्व.

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. शेजाऱ्याच्या घरात कुठवर जायचे, हे आपण त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. तो तोंडाने काही म्हणत नाही. पक्ष्याचेही तसेच. त्याचे टिपणे थांबते, मान उंचावते, पावले दूर वळतात. तिथे आपण थांबायचे.

पुढे भरती लागली. आम्ही वाळूवर निमूट बसून राहिलो. पाणी चढू लागले तसे कडेने टिपणारे तुतवार आपणहून आमच्याकडे सरकत आले.

"आजोबा, हलू नका," नातू कुजबुजला. कॅमेरा त्याच्या मांडीवर तसाच होता.