हिशेबातली दया

पेशवाई बुडाली आणि १८१८ साली एल्फिन्स्टन पुण्यात दख्खनचा कारभार लावू लागला. खानदेशातल्या डोंगरांतले भिल्ल मात्र कंपनी सरकारला आवरेनात. तिथे नेमलेल्या कॅप्टन ब्रिग्जची तोड अशी होती: डोंगरात जाणारी रसद तोडायची, आणि खाली उतरतील त्या नाइकांना तनखे बांधून द्यायचे. उपासमार आणि तनखा, दोन्ही एकाच बेतात. तेवढ्याने भागले नाही. १८२५ मध्ये, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, बावीस वर्षांच्या औट्रमने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभी केली. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. पुढे हीच पलटण डोंगरातल्या भिल्लांवर चालून गेली.

ही दया म्हणायची की डाव? नियत पाहा, असे आपल्यात कुणीही म्हणेल. पण इथे नियत पाहू गेलो तर पेच पडतो. औट्रमला हे लोक खरोखर आवडत असावेत. एल्फिन्स्टनलाही नाहक रक्तपात नको होता. तनख्यावर ज्या घरांत चूल पेटली ती काय खोटी पेटली? म्हणून आम्ही देणाऱ्याच्या मनात फार शिरत नाही. घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता येत होते का, एवढेच विचारतो. आधी धान्य अडवून मग पुढे केलेली भाकर कोण नाकारणार?

हे काही आपल्याकडचेच नव्हे. अमेरिकेचा युद्धमंत्री हेन्री नॉक्स याने क्रीक लोकांशी लढायला किती फौज, किती पैसा लागेल याचा हिशेब मांडून ठेवला होता. मग १७९० मध्ये न्यूयॉर्कला तह केला. त्यात एका गुप्त कलमाने क्रीक पुढारी मॅकगिलिव्रे याला ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा आणि वर्षाला १,२०० डॉलर दिले. नॉक्स न्यायाची भाषाही मनापासून बोलत असे. पण हिशेबाचा कागद फाडला गेला नाही. १८१४ मध्ये जॅक्सनने क्रीकांकडून सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन लिहून घेतली; त्याच्याच बाजूने लढलेल्या क्रीकांचीही त्यात गेली!

आणि खाज्या नाईक? सेंधव्याच्या घाटात तो इंग्रजांचीच चौकीदारी करत होता. १८५७ मध्ये उलटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला फौजेने त्याच्या लोकांना गाठले. हाती लागलेल्या पुरुषांना तिथेच गोळ्या घातल्या, बायकांना धरून नेले.