आजोबांचा कोट

आमच्या माजघरातल्या फोटोत आजोबांच्या अंगात काळा कोट आहे. प्रत्यक्षात असा कोट त्यांनी जन्मात घातला नाही. ते गेल्यावर लग्नाच्या एका ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्याने त्यांचा चेहरा उचलला, मोठा केला, सुरकुत्या पुसल्या आणि खाली कोट चढवला. तेव्हा हे सर्रास चाले. निगेटिव्हला मागून उजेड देऊन, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने रिटचिंग करणारे कारागीर असत. त्यांना कुणी लबाड म्हटलं नाही. आज मात्र फोटोतलं आभाळ जरा गडद दिसलं, की 'एडिट केलाय' हे वाक्य चोरी पकडल्याच्या सुरात येतं.

गंमत अशी की एडिट न केलेला रंगीत डिजिटल फोटो जवळजवळ नसतोच. सेन्सरला फक्त उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. रंग कळत नाही. म्हणून त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची जाळी बसवतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना या रचनेचं पेटंट 1976 साली मिळालं. त्यात निम्मे ठिपके हिरवे, उरलेल्यांत निम्मे लाल, निम्मे निळे. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांकडे बघून ठरवले जातात. म्हणजे फोटोतला दोन तृतीयांश रंग हा हिशेबाने काढलेला अंदाज. हा अंदाज कॅमेऱ्यातला प्रोसेसर करतो तेव्हा आपण त्याला 'जसंच्या तसं' म्हणतो.

माझा पहिला बरा कॅमेरा निकॉन डी70. तो 2004 साली आला; सहा मेगापिक्सेल, सीसीडी सेन्सर. त्याने काढलेली आजीची एक रॉ फाइल, म्हणजे रंगांचा हिशेब व्हायच्या आधीचे सेन्सरचे आकडे, परवा नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. आजी ओट्यावर तांदूळ निवडतेय, मागे दार उघडं. वीस वर्षांपूर्वी याच फाइलमधून सावलीत नुसती रंगीबेरंगी वाळू निघाली होती. आता सुपातले तांदूळ दिसतात, लुगड्याचा काठ दिसतो. फाइलमधला एक आकडाही बदललेला नाही. बदलली ती फाइल वाचण्याची रीत. म्हणूनच 'जुन्या सीसीडीचे रंगच वेगळे' असं हळहळत सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. रंग ठरतो तो त्या जाळीने आणि पुढच्या हिशेबाने. सेन्सर सीसीडी की सीमॉस यावर फारसा नाही. आपल्याला आठवण येते ती त्या काळच्या हिशेबाची. (आणि कदाचित आपल्या त्या वयाची.)

खरा फरक मला दुसरीकडे दिसतो. डी70चं आयएसओ 1600वर संपायचं आणि उजेड जरा जास्त झाला की पांढरा भाग कायमचा गेला. म्हणून बटण दाबण्याआधीच ठरवावं लागे, आजी हवी की दार. नव्या कॅमेऱ्यात सावल्या नंतर इतक्या वर ओढता येतात, की हा निर्णय घरी नेता येतो. ही सोय मोठी आहे, पण माझी उन्हाकडे बघण्याची नजर तिने सैल केली, हेही कबूल करतो.

निर्णय घरी नेणं काही नवं नाही म्हणा. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने 1941 साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला आणि पुढची कित्येक वर्षं त्याच निगेटिव्हच्या प्रती काढत राहिला. सुरुवातीच्या प्रतींत आभाळात ढगांचे फिकट पट्टे आहेत. नंतरच्या प्रतींत ते जवळजवळ काळंभोर होत गेलं. तो मुळात पियानोवादक. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे वादन, असं तो मानी. आपण बंदिश आणि गायकी म्हणू. एकच बंदिश पन्नाशीत वेगळी गायली म्हणून गवयाला कुणी खोटं पाडत नाही.

बातमीच्या फोटोला मात्र ही मोकळीक नाही. तो बघणाऱ्याला मूळ जागा ठाऊक नसते; फोटोत आहे तेच तिथे होतं असं धरून तो चालतो. आजीला कोटाचं सगळं ठाऊक होतं. पाहुणे फोटोपाशी थांबले, की तीच म्हणायची, "कोट मी घालायला लावला हो. हयातीत ऐकलं नाही त्यांनी."

तिच्या फोटोतलं दार अजून पांढरंफटक आहे. तिथला उजेड सेन्सरच्या मापाबाहेर गेला, फाइलमध्ये काहीच उरलेलं नाही. नवं सॉफ्टवेअर तिथे अंगण काढून देऊ म्हणतं, तुळशीवृंदावनसुद्धा. आमच्या अंगणात पेरू होता. तो कसा दिसायचा हे मला आठवतं, पण फांदी कुठल्या बाजूला वाकलेली होती ते नक्की आठवत नाही. फाइल तशीच बंद केली.